सावडीला दिलेली कामं

हळदीच्या हंगामात डोंगरकड्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्याला शेतकरी कंपनीचं युनिट कुठं आहे ते विचारावं लागत नाही. शिजलेल्या हळदीचा वास आधी येतो, पत्र्याचं छत मागून दिसतं. आजूबाजूच्या गावांतून ओली हळद येते. ती बॉयलरमध्ये शिजवायची, आवारातल्या लांबरुंद ओट्यावर वाळवायची, पॉलिशच्या ड्रममधून फिरवायची आणि पोती शिवून वसमतच्या बाजाराला पाठवायची. सांगायला सोपं आहे. करायचं काय असतं, ते रेवतीला विचारावं.

रेवती तिथली मॅनेजर. मॅनेजर म्हणजे ज्याला कोणीही, कधीही, काहीही विचारावं असं माणूस. ताडपत्री कोणी झाकायची, बायांच्या रांजणात पाणी कोणी भरायचं, टेम्पोवाल्याला फोन कोणी लावायचा, सगळ्याला उत्तर एकच, मॅडमला विचारा. विचारणारे सुटत आणि मॅडम अडकत. स्कूटीवरून आखाडा बाळापूरला घरी पोचेपर्यंत अंधार पडलेला असायचा आणि दुसरीतली देवश्री शेजारच्या नानीबाईंच्या सतरंजीवर शाळेच्या कपड्यांतच झोपलेली असायची. नवरा अनिरुद्ध पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा यायचा. झोपलेल्या पोरीला उचलून रेवती रोज घरी आणायची. आपली लेक जागी असताना आपल्याला दिसत नाही, एवढंच तिचं दुःख होतं, आणि ते तिला पुरेसं होतं.

म्हणून हिंगोलीला एक दिवसाचं प्रशिक्षण निघालं तेव्हा ती हौसेनं गेली. कामं वाटून देण्याचं सॉफ्टवेअर होतं, मोबाइलवर चालणारं. शिकवणारा पोरगा बोलायला गोड होता. एका कामाला एकच नाव द्या, तो म्हणाला, दोघांना दिलेलं काम कोणाचंच नसतं. मोठं काम तुकडे करून द्या. रोजचं काम रोज लिहीत बसू नका, एकदा लिहा आणि त्याला ‘रोज’ लावून टाका, ते आपलं आपण येत राहील. पुष्कळ कामं एकदम द्यायची असली तर ‘सगळी निवडा’ दाबा. आणि फोन सारखा बघू नका, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, बस. वेळ वाचवा म्हणणारे रेवतीला आजवर ढिगानं भेटले होते. कसा वाचवायचा ते सांगणारा हा पहिलाच.

बॉयलरवरच्या मुजाहिदला ते काही पटलं नाही. चाळिशीचा, शांत डोक्याचा माणूस. युनिटच्या पायाभरणीपासून तिथं होता.

“मॅडम, आपलं काम हातानं व्हतंय,” तो म्हणाला, “बोटानं न्हाई.”

पण थोड्याच दिवसांत सकाळी आल्याआल्या तोही खिशातून फोन काढून आपल्या नावासमोर काय आहे ते बघू लागला. विचारणाऱ्यांची रांग आटली. रेवतीचा फोन दिवसभर गप्प राहू लागला, आणि गप्प फोन किती सुंदर दिसतो हे तिला पहिल्यांदाच कळलं.

अडचण एकच राहिली. काही कामं कोणा एकाची नव्हतीच. ओट्यावरची हळद दुपारी हलवणं, रांजण भरणं, संध्याकाळी ढगाकडे बघून ताडपत्री ओढणं. ज्याला सवड होईल त्यानं करावं अशी ती कामं. सॉफ्टवेअर मात्र नावावाचून काम घेईना. रेवतीनं थोडा विचार केला आणि एक नवा सदस्य तयार केला. नाव दिलं, सावड.

नाव तिच्या माहेरचं, म्हणजे नरसीकडच्या शेतातलं. तिथं पेरणीला, काढणीला शेजारी सावड करायचे. आज सगळे मिळून आमच्या रानात, उद्या सगळे तुमच्या. मजुरी कुणाला नाही, पण दोन गोष्टी चुकवायच्या नसत. आलेल्याला जेवू घालायचं, आणि तो हात धुऊन उठला की विचारायचं, “तुमच्याकडं कधी यायचं?” तिचे वडील हे विचारताना हातात तांब्या धरून उभे राहायचे, ते तिला आठवलं आणि बरं वाटलं. सॉफ्टवेअरनं सदस्याचा मोबाइल नंबर मागितला. तो रकाना तिनं रिकामाच ठेवला. तरी ते चाललं.

सावडीची कामं व्हायला लागली.

संध्याकाळी रेवती फोन उघडायची तेव्हा त्यांच्यापुढे काम झाल्याच्या खुणा आलेल्या असायच्या. रांजण काठोकाठ भरलेले. ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर दगड मोजून-मापून ठेवलेले. तिला वाटलं, बाया करताहेत. बायांना वाटलं, मुजाहिदनं माणूस लावलाय. मुजाहिदला वाटलं, मॅडमची काहीतरी व्यवस्था असेल. काम झालं असलं की कोणी केलं हे विचारायला कोण जातो? बोंब न झालेल्या कामाची होते.

एकदा मात्र दुपारी ती ओट्याकडे गेली आणि उभी राहिली. हळद नुकतीच हलवली होती. एरवी लाकडी दाताळ्याच्या रुंद रेघा उठतात. या रेघा बारीक होत्या, पाच-पाचच्या जुडीनं, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेल्या. कोणीतरी तेवढा सगळा ओटा हातानं, बोटं फाकवून ओढला होता. ऊन असं होतं की हळकुंडाला हात लावला तर चटका बसत होता.

“मुजाहिदभाई, हे कुणी केलं?”

मुजाहिदनं वाकून रेघा बघितल्या. “तुमीच कुणाला तरी सांगितलं असंल ना, मॅडम.”

सांगितलं तर होतंच. त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत ती घरी पोचली, दारात देवश्री पाय हलवत बसली होती, आणि बोटांच्या रेघा तिच्या डोक्यातून पार गेल्या.

मग सुखाचे दिवस आले. सुखाचेच म्हणायचे, दुसरा शब्द नाही. संध्याकाळी पोरीची विस्कटलेली वेणी सोडायची, तेल लावायचं, पुन्हा घालायची. वेणी घालताना देवश्री शाळेतलं सगळं सांगायची, आणि पाठमोरी असल्यामुळे जे तोंडावर सांगितलं नसतं तेही सांगायची. इतकी बडबडी लेक आपल्याला आहे हे रेवतीला ठाऊकच नव्हतं. तिनं घरची कामंसुद्धा त्याच फोनवर घातली. विरजण लावणं, गॅसचा नंबर लावणं, देवश्रीचं दूध, देवश्रीचा पाढा, देवश्रीची वेणी. सगळ्यांना ‘रोज’ लावलं. वेणीला खरं तर आठवण लागत नव्हती, पण तिच्यापुढे खूण करायला तिला आवडायचं.

चूक झाली ती भरणीच्या घाईत. वसमतला माल पाठवायचा होता, टेम्पो दारात उभा, शिवणारा आलेला नाही, आणि राहिलेली कामं, युनिटची आणि घरची, फोनवर लांबच लांब. ‘सगळी निवडा’, तिनं दाबलं. ‘सावड’, तिनं दाबलं. एका बोटात डोंगर खाली झाला. टेम्पोवाल्याशी दोन शब्द बोलून तिनं पुन्हा बघितलं तर बऱ्याच कामांपुढे खुणा आल्या होत्या. त्यात एक वेणीपुढे होती.

घरी पोचायला त्या दिवशी थोडा उशीर झाला. देवश्री पाढा म्हणत बसली होती. तिच्या पाठीवर पाच पेडांची घट्ट वेणी होती, केस कपाळावर ताणलेले. रेवतीला तीन पेडांचीच येत होती. पांढऱ्या रिबिनीवर हळदीची पुसट बोटं उठली होती.

“वेणी कुणी घातली गं?”

“तूच तर घातली मघाशी.” देवश्रीनं वर बघितलं. “मंग परत कामाला गेली. बोलली न्हाईस पण काहीच.”

नानीबाई ओसरीवर भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “आत जाताना दिसलीस की. पाठमोरी. मी हाक मारली, तू वळली न्हाईस. म्हणलं दमली असंल.”

अनिरुद्धला फोन केला. तो हसला आणि म्हणाला, नानीबाईंनीच घातली असेल, विसरल्या असतील, वय झालं. रेवतीलाही तसंच समजायचं होतं. पण ती ती वेणी सोडायला बसली, आणि पोरगी म्हणत होती, “काहून सोडते, चांगली हाय ना.”

सकाळी युनिटवर पोचताच तिनं सावडीचं नाव काढायला घेतलं. फोननं ऐकलं नाही. ‘या सदस्याकडे रोजची कामं आहेत. आधी ती दुसऱ्याला द्या.’ तिनं वेणी आपल्या नावावर घेतली. फोनचा पडदा खालीवर करून बघते तो नाव पुन्हा सावडीचं. पुन्हा घेतली, पुन्हा गेली. शेवटी तिनं ते सॉफ्टवेअरच फोनवरून काढून टाकलं आणि मुजाहिदला सांगितलं, उद्यापासून तोंडी.

“काहून, मॅडम? बराबर चाललं व्हतं की.”

तिनं सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. मुजाहिद बॉयलरच्या वाफेकडे बघत ऐकत राहिला. त्याच्याही घरी सावड होती, त्यालाही रीत ठाऊक होती.

“तुमी विचारलं व्हतं का,” तो म्हणाला, “त्यांच्याकडं कधी यायचं ते?”

“कुणाला विचारणार, मुजाहिदभाई?”

“आन् जेवण?”

जेवण तिनं कुणालाच घातलं नव्हतं.

“नुसतीच सावड घेत राहिलं तर काय होतं?” तिनं विचारलं.

“तसं कुणी करत न्हाई, मॅडम.” तो उठला. मग जाता जाता वळून म्हणाला, “आन् फोनवरून काढलं म्हंजे सांगितलेलं काम परत घेतलं, असं व्हतंय का?”

काही दिवस रेवती काम टाकून वेळेआधी घरी जात राहिली. देवश्रीच्या मागे बसून स्वतःच्या हातानं वेणी घालत राहिली. कोणी आलं नाही, काही झालं नाही. मन मोठं सोयीचं असतं, ज्याची भीती वाटते ते चार दिवस दिसलं नाही की ते नव्हतंच असं म्हणतं. इकडे युनिटवर जुनी रांग पुन्हा लागली. मॅडम, ताडपत्री कोणी ओढायची. मॅडम, रांजण कोरडे पडलेत. मॅडम.

मग एका दुपारी कळमनुरीच्या बाजूनं ढग चढले. सगळा ओटा हळदीनं भरलेला. भिजली असती तर इतक्या घरांचं वर्षाचं पीक काळं पडलं असतं. रेवती पदर खोचून बायांबरोबर ताडपत्र्या ओढायला लागली. सूर्य कलला तेव्हा तिनं नानीबाईंना फोन लावला.

“नानीबाई, मला उशीर होऊन राहिला. देवश्रीला तुमच्याकडंच बसवा.”

“कोण, रेवती?” पलीकडून आवाज आला.

“काहून गं,” नानीबाई म्हणाल्या, “तू तर आलीस ना घरी. पोरगी आत तुझ्याशीच बोलून राहिली.”

रेवतीनं ताडपत्रीचं टोक सोडलं.

बाळापूरचा रस्ता तिला आठवत नाही. वारा होता, पाऊस नव्हता, एवढंच. गल्लीत दिवे लागले होते. नानीबाईंची ओसरी रिकामी होती. तिच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून फोडणीचा वास येत होता.

तिनं दार ढकललं.

देवश्री समोर उभी होती. पाच पेडांची वेणी, कपाळावर ताणलेले केस. रेवतीच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे, पिवळ्या हातांकडे तिनं नीट बघितलं. भ्याली नाही. घरी आलेल्या परक्या बाईकडे शहाणी लेकरं बघतात तशी बघत राहिली.

“देवू,” रेवती म्हणाली.

“या, बसा,” देवश्री म्हणाली. “आई आत हाय.”

स्वयंपाकघरात कोणीतरी पाटाशेजारी पाट मांडला.

पोरगी आत गेली आणि तांब्या घेऊन आली. दोन्ही हातांनी धरलेला, सांडू नये म्हणून जपून.

“आई म्हणली, तुमी लई दिवस आमच्याकडं कामाला येऊन राहिल्या. जेवल्याबिगर जाऊ नका.”

रेवतीनं तिला जवळ घ्यायला हात पसरले.

“आन् विचारून घे म्हणली,” देवश्रीनं तांब्या पुढे केला, “तुमच्याकडं कधी यायचं. मी पण येणार हाय.”