वळ्यांचा शिंपला

"माझ्या दिरानं हे केलेलं नाही. तेवढं सिद्ध करून द्या." ओल्या पिशवीतून तळहाताहून मोठा शिंपला काढून तिनं गुप्तहेर बाईंच्या टेबलावर ठेवला.

ती खाडीत कालवं वाढवायची. तीन वर्षांपूर्वी नवरा वादळात गेला, तेव्हापासून एकटीनं. यंदा परक्या समुद्रातली दांडगी कालवं खाडीभर फोफावली होती आणि त्यांच्याखाली इथली कालवं गुदमरून मरत होती. दिरानं गेल्या वर्षी याच परक्या जातीचं बी आणलं होतं. ते टाकीतच मेलं, असं तो जीव तोडून सांगत होता. पण ऐकतंय कोण? लोकांनी त्याची होडी फोडली, तसा तो घर सोडून गेला.

बाईंनी शिंपला उलटा केला. तळाला एकसारख्या वळ्या होत्या.

"तुम्ही कालवं कशावर वाढवता?"

"दगडांवर. हे मोठे शिंपले मात्र दगडांच्या जुन्या रांगेपाशी सुटेच पडले होते."

"बोटींच्या बुडाला चिकटून आले असतील," बाईंचा मामा म्हणाला. प्रत्येक तपासात तो हौसेनं सोबत असायचा आणि पहिला अंदाज त्याचाच असायचा.

गोदीत चौकशीला गेल्यावर तिथला मिस्त्री उखडलाच. "बुडं आम्ही खरवडतो, नाही कशाला म्हणू? पण खरवडल्यावर चुरा होतो. असा अख्खा शिंपला काढून दाखवा मला!"

दीर शेजारच्या गावी बर्फाच्या कारखान्यात भेटला.

"वर्षभरात ही कालवं किती वाढतात?" बाईंनी विचारलं.

"बोटभर. दादा सांगायचा. या जातीचं नाव मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकलं." मग खालच्या आवाजात, "वहिनी बरी आहे ना?"

तिच्या घरी सासरे परसात भाजीला पाणी घालत होते. एका हाताला पट्टी होती. "काच लागली," ते म्हणाले.

वाफ्याच्या कडेनं वळ्यावळ्यांच्या पाइपाचे तुकडे रोवले होते. त्यांवर पांढरे गोल डाग होते.

"चुना सांडलाय वाटतं," मामा म्हणाला.

"थोरल्यानं आणले होते पाइप. वापरायचे राहूनच गेले."

बाईंनी सुनेला बाहेर बोलावलं.

"कालव ज्यावर वाढतं त्याचा ठसा तळाला उमटतो. गोदीतली बुडं गुळगुळीत, तुमचे दगड ओबडधोबड. वळ्या आहेत त्या या पाइपांना." त्यांनी शिंपला एका डागावर ठेवला. वळीला वळी जुळली. "मामा, हा चुना सांडलेला नाही. कालवं उपटल्यावर मागे राहणारा डाग आहे. म्हणजे न वापरलेले म्हणून सांगितले ते पाइप पाण्यात होते, आणि यांचा हात काचेनं नाही, शिंपल्यांनी कापला. गेल्या वर्षीचं बी आज जेमतेम बोटभर असतं. ही त्याआधीची. धाकट्यानं आणायच्या आधी या कालवांची माहिती होती ती एकालाच."

सुनेनं डागावरचा शिंपला उचलला. "माझ्या ह्यांनी?"

सासऱ्यांच्या हातातली झारी कलंडली.

"लवकर वाढतात म्हणून लावली होती त्यानं. मला म्हणाला होता, पसरायला लागली तर काढून टाका. आणि मग तोच गेला." त्यांनी वाफ्यातल्या पाइपावर हात ठेवला. "त्याच्या हातचं तेवढंच उरलं होतं गं पाण्यात. उपटवेना. शेवटी उपटून तिथंच टाकली, तेव्हा फार उशीर झाला होता. खाडीवर लोक अजून त्याचं नाव घेतात. ते मातीत कसं घालू?"

"म्हणून भाऊजींचं घातलंत?"

सासऱ्यांनी कलंडलेली झारी सरळ केली.

तिनं डोळे पुसले नाहीत. फोन लावला आणि सासऱ्यांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा, बाबा."

"बोल वहिनी," पलीकडून आवाज आला.

"मी बोलतोय. तुझा बाप." त्यांनी अडखळत सगळं सांगितलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज झाला आणि यंत्रांची घरघर मागे पडली. मग धाकट्यानं विचारलं, "हे खाडीवर चारचौघांत सांगाल?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती.

"निघालोच," ते म्हणाले आणि पायांनी चपला चाचपू लागले.