नायलाची यादी आणि सोमवारची चरबी

ब्रॅडफर्डच्या वाऱ्याबद्दल मी काही बोललो की लोक हसतात. एकदा त्यानं माझ्या दुकानात टांगलेला सोललेला बकरा उचलून थेट लीड्स रोडच्या बसमध्ये नेऊन बसवला, आणि ड्रायव्हरनं त्याला म्हातारा समजून तिकीट मागितलं नाही. कोणी मानत नाही. राहू द्या. त्याच वाऱ्यानं ऑगस्टातल्या एका दुपारी माझ्या भाचीची छत्री उलटी केली, एवढं तरी माना. त्याला साक्षीदार आहेत.

भाचीचं नाव नायला. विद्यापीठात बाहेरदेशातून येणाऱ्या मुलामुलींची सोय बघते. ही मुलं नायजेरियाची असोत, मलेशियाची असोत की जॉर्डनची, सामान खाली ठेवलं की पहिला प्रश्न एकच : इथं हलाल कुठे मिळेल? म्हणून नायला दरवर्षी एक यादी छापते. ब्रॅडफर्डमध्ये काय, हलाल पाटी तर न्हाव्याच्या दुकानावरही सापडेल. पण नायलाचा पाटीवर विश्वास नाही. ती आत जाऊन तीन प्रश्न विचारते. मांस कोणाकडून येतं? कढईत काय असतं? त्याच तव्यावर आणखी काय भाजता? मग तिथं दोनदा जेवते, मध्ये निदान पंधरा दिवस सोडून. पहिल्या खेपेला मालक पाहुणचार करतो, दुसऱ्या खेपेला विसरतो, असं तिचं म्हणणं. आणि शेवटचा नियम : नातेवाइकाचं दुकान यादीत घालायचं नाही. मी याकूब, तिचा सख्खा मामू, चाळीस वर्षं हलाल मांस विकतोय. मी यादीत नाही.

"लोक म्हणतील, घरचीच जाहिरात," ती म्हणते.

"लोक म्हणतील, मामू मेला," मी म्हणतो.

तर छत्री. ती उलटी झाली तेव्हा नायला बस थांब्यावर होती, आणि आडवा पाऊस तिला चारी बाजूंनी धुऊन काढत होता. आडोसा एकच होता — ॲक्रॉइडच्या मासे-चिप्सच्या दुकानाची कापडी झडप. या दुकानाला ती लहानपणापासून ओळखत होती. तिथं मासे गाईच्या चरबीत तळतात, आणि ती चरबी कसल्या गाईची, कुणी कापलेली, कोण जाणे, असं आमच्याकडे सगळे म्हणायचे. आमची मुलं शाळेतून येताना बस थांब्यापासून टपालपेटीपर्यंत श्वास रोखून पळायची. वासही पोटात जायला नको म्हणून. नायला आता एकोणतीस वर्षांची, पण झडपेखाली उभी राहताना तिनं सवयीनं श्वास रोखलाच.

दार उघडलं. सोनेरी केस, निळे डोळे, कोपरापर्यंत पीठ.

"आत या. बाहेर आहात त्यापेक्षा कोरड्या राहाल."

"नको. बस येईलच."

"बस गेली. मी जाताना पाहिली... तुम्ही छत्रीशी भांडत होतात." तो दारालाच टेकला. "श्वास घ्या की. वासाचे आम्ही काही घेत नाही."

नायलानं श्वास सोडला, आणि तिला राग आला, कारण वास फार चांगला होता.

"गरम चिप्स देऊ?"

"मी नाही खात. चरबीतलं."

"हलाल आहे."

तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. यॉर्कशायरची ठसठशीत बोली, वाळलेल्या गवतासारख्या भुवया. "हो का? असं सगळेच म्हणतात."

"चरबी लीड्स रोडच्या याकूब कसायाची. विचारा त्याला."

"तो माझा मामू," नायला म्हणाली. "त्याची साक्ष चालत नाही."

मग बस आली. तिनं मोडकी छत्री त्याच्या हातात दिली, का ते तिलाही सांगता येईना, आणि ती गेली.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. मी सुरी धुत होतो.

"मामू, ॲक्रॉइडचा तो गोरा तुमच्याकडून चरबी नेतो?"

"गोरा कसला? सेनाद. बोस्नियाचा मुसलमान. लढाईच्या वेळी तीन वर्षांचा होता, आईच्या कडेवर इथं आला. दर सोमवारी सकाळी सातला गुर्द्याभोवतीची पांढरी चरबी नेतो. सहा वर्षं झाली."

"मामू."

"कुराणाची शपथ."

"गेल्या ईदला तुम्ही शपथेवर सांगितलंत की तुमच्या मेंढ्यानं नगरसेवकाच्या निवडणुकीत दुसरा नंबर काढला."

"तिसरा. आणि तो प्रचाराला कमी पडला."

ती उठून गेली. आयुष्यभर माणसानं गंमत म्हणून थोडं तिखटमीठ लावावं, आणि एकदा खरं बोलायची वेळ आली की हे असं.

सोमवारी सकाळी आठला ती वही घेऊन ॲक्रॉइडच्या मागच्या दाराशी उभी राहिली. सेनाद मोठ्या पातेल्यात चरबीचे बारीक तुकडे टाकत होता. पहिली मूठ टाकताना तो पुटपुटला, "बिस्मिल्ला." आपल्याकडे कोणी बघतंय हे त्याला ठाऊक नव्हतं. नायलानं ते वहीत लिहिलं. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

"मांस कोणाकडून येतं?" ती दारातून म्हणाली.

तो दचकला. मग हसला. "मांस नाहीच. मासा आणि बटाटा. चरबी तुमच्या मामूची." भिंतीवरच्या खिळ्याला माझ्या दुकानाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा अडकवलेला होता. सहा वर्षांचे सोमवार. तिनं सगळे चाळले.

"कढईत काय असतं?"

"हेच. मंद आचेवर चार तास कढवायचं, दोनदा गाळायचं. क्लिफर्डनं शिकवलं."

क्लिफर्ड ॲक्रॉइड कोपऱ्यात चहा पीत बसला होता. दुकान त्याचं होतं. गुडघे गेल्यावर त्यानं ते आपल्या हाताखालच्या सेनादला दिलं. अटी दोनच : मी जिवंत आहे तोवर चरबी सोडून तेल वापरायचं नाही, आणि पाटी बदलायची नाही.

"याच कढईत आणखी काय तळता?"

"डुकराचे सॉसेज असायचे. बंद केले, सहा वर्षांपूर्वी."

"गिऱ्हाइकं कुरकुरली," क्लिफर्ड म्हणाला. "मीही कुरकुरलो. म्हणजे पोरा, मी सहा वर्षं हलाल खातोय?"

"हो, क्लिफर्ड."

"तरीच गुडघे बरे आहेत."

नायला वही मिटायच्या बेतात होती, तेव्हा सेनादनं हात पुसले. "आता मी विचारू? गेल्या वर्षीच्या यादीत माझ्या दुकानापुढे काय होतं?"

"...फुली."

"कोणी पाहणी केली होती?"

नायलानं वही पुन्हा उघडली.

"तीन प्रश्न म्हणे, दोन जेवणं म्हणे. मला नुसत्या नाकानं नापास केलंत."

तो चिडून बोलला नव्हता, म्हणूनच ते लागलं. मग तो खाली बघत म्हणाला, "इथं सगळी दुनिया येते. पोलिश येतात, चर्चची मंडळी येतात, क्लिफर्डचे सगळे मेव्हणे येतात. फक्त माझी माणसं येत नाहीत. लहान मुलं श्वास रोखून पळतात... मला काचेतून दिसतं. वर आई राहते, तिलाही दिसतं. हलालची पाटी मी लावू शकत नाही, क्लिफर्डला शब्द दिलाय. तुमची यादी तेवढी उरली."

नायलानं काउंटरवर बसून पहिलं जेवण केलं. मासा, चिप्स, वाटाणे. एक शब्द बोलली नाही. ती गप्प जेवली म्हणजे काय ते मी तिच्या लहानपणापासून ओळखतो. पण माझी साक्ष कुठे चालते?

"दुसरं जेवण कधी?" त्यानं विचारलं.

"अठरा दिवसांनी. यादी छपाईला जाते त्या शुक्रवारी."

"तोवर काय करता?"

"बाकीची ठिकाणं बघायची आहेत. अकरा."

"एकट्याच?"

"वही असते बरोबर."

"वहीला भूक लागत नाही. मंगळवारी माझं दुकान बंद असतं."

तर ते मंगळवार. मी बरोबर नव्हतो, पण ब्रॅडफर्डचा प्रत्येक हॉटेलवाला माझं गिऱ्हाईक आहे, त्यामुळे मला घरबसल्या सगळं कळत होतं. येमेनी हॉटेलात दोघं जमिनीवर बसून एकाच थाळीतला भात आपापल्या बाजूनं खात होते, आणि मधली सीमा रोज... म्हणजे दर मंगळवारी थोडी थोडी सरकत होती. कुर्दी भट्टीवर सेनादनं तिच्या आधीच विचारलं, "तव्यावर आणखी काय भाजता?" नायला म्हणाली, "हा प्रश्न माझा आहे." तो म्हणाला, "तुम्ही पाव खा, प्रश्न मी धरतो." सोमाली बाईकडे त्यानं भाताबरोबर केळं खाल्लं आणि तोंड वाकडं केलं नाही. नायलानं ते नोंदवलं. माझ्या समोरच्या काश्मिरी चहावाल्याकडे गुलाबी चहा पिताना ती म्हणाली,

"तू फार फुंकतोस."

"गरम आहे."

"यात मिशी बुडवायची असते. मामू तेच करतो."

"मला मिशी नाही."

"ठेव मग."

मी काचेतून बघत होतो. चहावाल्यानं मला खूण केली : "तुम्ही"चं "तू" झालं. मी खूण केली : गप्प बस, माझ्याकडे खोळंबलेल्या बाईला खिमा दे. खिमा माझ्याच हातात होता.

शुक्रवार आला. दुपारी तीन वाजता ॲक्रॉइडचं दुकान गच्च, शुक्रवारी इथले गोरे मासाच खातात. नायला खिडकीशी बसली. सेनादनं तिची प्लेट स्वतः आणून ठेवली आणि काउंटरमागे जाऊन पुढच्या चार गिऱ्हाइकांना चुकीच्या पुड्या दिल्या. एकाला नुसते वाटाणे मिळाले. तो ते घेऊन निमूट गेला, यॉर्कशायरची माणसं अशी.

तिनं शेवटची चिप संपवली, बोटं पुसली. पिशवीतून यादीचा कच्चा छाप काढून काउंटरवर ठेवला. त्रेचाळीस नावं. सेनादनं वरून खाली वाचली, मग खालून वर. ॲक्रॉइड नव्हतं.

"काय चुकलं?" तो हळूच म्हणाला.

"काही नाही."

"मासा जास्त तळला गेला?"

"नाही."

"चरबी?"

"माझ्या डोळ्यांदेखत कढवलीस. चोख आहे. या शहरात इतकी चोख मी दोनच ठिकाणी पाहिली."

"मग दुसरं ठिकाण तरी आहे का यादीत?"

"तेही नाही. तो मामू." नायला व्हिनेगरच्या बाटलीचं झाकण घट्ट बसवत होती, ते आधीच घट्ट होतं. "माझा एक नियम आहे. नातेवाइकांची दुकानं मी घालत नाही."

"पण मी कुठे तुझा नाते..."

तो थांबला. कोपऱ्यातून क्लिफर्ड म्हणाला, "पोराला वेळ लागतो. बटाट्याच्या बाबतीतही असंच होतं."

"छपाईवाला चारपर्यंत थांबलाय," नायला म्हणाली. आवाज नेहमीचा होता, पण कान लाल झाले होते. "मला नियम मोडता येत नाही. तुला नाव घालायचं असेल तर सांग, फोन करते. तुझा हक्क आहे. सहा वर्षं वाट पाहिलीस."

भिंतीवरच्या घड्याळात चाराला दहा कमी होते. रांग पुढे सरकेना. माशाची पुडी हातात असलेला माणूसही दारात थांबला. सेनादनं यादीकडे पाहिलं. खिडकीबाहेर शाळा सुटलेली दोन मुलं श्वास रोखून पळत गेली, तीही त्यानं पाहिली. मग त्यानं यादीची नीट घडी घातली आणि तिच्या हातात दिली.

"चार वाजू दे," तो म्हणाला.

आणि तो चिप्स तळत राहिला. ती बसून राहिली. चार वाजले.

साडेचारला माझ्या दुकानाचं दार उघडलं. पीठ लागलेला एप्रन तसाच, एका हातात नायलाची ती छत्री — काड्या तारेनं बांधून दुरुस्त केलेली. सहा वर्षं तो मला "मिस्टर याकूब" म्हणत होता. आज गळा खाकरून म्हणाला,

"मामू."

मी सुरी खाली ठेवली. इतकंच सांगतो की कांदा मी विकत नाही, तरी डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या लग्नाचा वलीमा, म्हणजे मेजवानी, झाला. चारशे माणसं. नायलाच्या सासूनं बोस्नियाचे मांसाचे पाव केले, मी बिर्याणीचं मटण दिलं, आणि मंडपाच्या मध्यभागी क्लिफर्ड खुर्चीवर बसून ॲक्रॉइडचे चिप्स वाटत होता. आधी लोकांनी श्वास रोखला. मग नायलाकडे पाहिलं. ती खात होती. मग कोणी कोणाला काही विचारलं नाही. चिप्स अकरा मिनिटांत संपले, आणि शेवटच्या पुडीसाठी दोन इमामांची कुस्ती झाली.

बरं, कुस्ती नाही झाली. बाकी सगळं खरं.

त्या सप्टेंबरात नवी मुलं आली, यादी घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "पण ताई, तुम्ही स्वतः कुठे जेवता?" नायला म्हणाली, ते यादीत नाही. मुलं हुशार असतात. शुक्रवारी ॲक्रॉइडची रांग टपालपेटीच्याही पुढे जाते, आणि रांगेत सगळे दीर्घ श्वास घेत उभे असतात.