ताईची चाल बाकी होती

धाकटीला घरात सगळे धाकटीच म्हणत. पन्नाशी जवळ आली, भांगात पांढरं दिसू लागलं, तरी नाव काही मोठं झालं नाही. क्लबात मात्र ती मॅडम. बॅडमिंटनच्या हॉलवर, वरच्या मजल्यावर तिचा बुद्धिबळाचा वर्ग भरायचा. खाली बुटांची चरचर आणि आरडाओरडा, वर सगळे गालाला हात लावून गप्प बसलेले.

त्या दुपारी तिला एक साधंच काम उरकायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या वर्गात इंजिन कसं वापरावं ते शिकवायचं होतं. इंजिन म्हणजे संगणकातला बुद्धिबळाचा पंडित. डाव मांडून दिला की कोण वरचढ आहे आणि पुढची उत्तम चाल कोणती, ते तो क्षणात सांगतो. विद्यार्थ्यांना त्याचं भारी वेड. डाव संपला रे संपला की पहिल्या चालीपासून त्याला विचारत सुटायचे. धाकटीला ते पटत नसे. "घास तोंडात घेतल्यावर चावू की गिळू, असं आईला विचारता का?" ती म्हणायची. "जिथे डाव वळतो तिथे थांबा. आधी आपलं डोकं शिणवा, मग त्याला विचारा."

असं एखादं वळण तिला उदाहरणाला हवं होतं. बाहेर भरदुपारी ढग उतरले होते, खिडकीच्या काचेला ओल धरली होती. नवरा त्याच्या औषधाच्या दुकानात होता. लॅपटॉप उघडून ती जुने डाव चाळत बसली, आणि तिला ताईचा डाव आठवला.

तो डाव दोघी बहिणी फोनवर खेळत होत्या. ताई लांबच्या गावी, आजारी, अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारी ती फोन करून एक चाल सांगायची, धाकटी उत्तर द्यायची. दोघींच्या घरी दोन पट मांडलेले. लहानपणापासून हाच खेळ होता त्यांचा. ताई हरायची फार कमी. तिने कधी लहान बहीण रडते म्हणून मुद्दाम डाव सोडला नाही. "दया दाखवायची तर पाणी पाजीन, डाव कशाला देऊ?" असा तिचा खाक्या.

या शेवटच्या डावावर ताईनेच पैज लावली होती. "जी हरेल तिने जिंकणारीच्या घरी राहायला यायचं. कायमचं."

"आणि बरोबरी झाली तर?" धाकटीने हसत विचारलं होतं.

"तर जिकडे आहोत तिकडेच. पण मी होऊ देणार नाही बरोबरी. लग्न झाल्यापासून ये ये म्हणतेय, कधी दोन दिवस आलीस? आता पैजेवर तरी एकत्र राहू."

बोलण्यात हसू होतं, पण हसण्याला धाप लागत होती. धाकटी "बरं बाई" म्हणाली होती. पुढे एके दिवशी ताईने फोनवर नुसतं म्हटलं, "सुचलीय चाल. उद्या सांगते." त्या रात्रीतच ती गेली.

याला आता वर्ष होत आलं होतं. धाकटीने आपला पट तेव्हाच आवरून माळ्यावर टाकला होता. पण पटावरची मांडणी तिला तोंडपाठ होती. ताईची पांढरी, आपली काळी. तिने सोंगट्या एकेक करून पडद्यावर मांडल्या आणि इंजिन चालू केलं. पडद्याच्या कडेला उभी पट्टी असते, पांढरी-काळी. जो वरचढ त्याचा रंग वाढतो. पट्टी बरोबर मधोमध येऊन थांबली. बरोबरी. खाली इंजिनने पांढऱ्यासाठी सुचवलेल्या चाली होत्या, सगळ्या साध्यासरळ.

"बघ ताई, काही बिनसलं नव्हतं तुझं," ती स्वतःशीच म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

आधण येत होतं तेव्हा बाहेरच्या खोलीतून आवाज आला. लाकडावर लाकूड टेकल्याचा. आणि लगेच हलकीशी कर्र... सोंगटी ठेवल्यावर ती जागच्या जागी जराशी फिरवावी तशी. ताईला ती खोड होती.

धाकटी कप न भरताच बाहेर आली. खोलीत कोणी नव्हतं. टेबलावर फक्त लॅपटॉप. त्यावर ताईचा घोडा हलला होता. मधल्या घरातून उठून तो पार कडेला जाऊन बसला होता.

चुकून माऊसला धक्का लागला असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. पण चाल बघून तिला बरं वाटेना. कडेचा घोडा म्हणजे कोपऱ्यात बसवलेला पाहुणा. कामाचा ना धामाचा. इंजिनच्या यादीत ही चाल नव्हतीच. पट्टीतला काळा रंगही थोडा वर चढला होता, म्हणजे चाल वाईटच. ती मागे घ्यायला तिने हात पुढे केला, तेवढ्यात पट्टी हलली.

इंजिन विचार करत होतं. जसजसं ते खोल जात होतं तसतसा काळा रंग उतरत होता. मध्यावर आला, मग मध्याच्या खाली. पांढरा वरून खाली दाबत येत राहिला. यंत्राला जे आधी दिसलंच नव्हतं ते त्याला आता हळूहळू कळत होतं. कडेचा घोडा धाकटीच्या राजाच्या वाटेवर दबा धरून बसला होता.

सुचलीय चाल.

खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास आला. ताई शेवटी शेवटी कपाळाला तेच चोळत असे. धाकटीने फोन उचलून नवऱ्याला लावला.

"अरे, तू दुपारी लॅपटॉपला हात लावला होतास का?"

"मी? मला घोडा कुठला नि गाढव कुठलं ते कळत नाही. का गं?"

"ताईचा डाव... तिची चाल झालीय."

तो हलक्या आवाजात म्हणाला, "तू आज जेवलीस का नीट? बंद कर ते. मी येतो लवकर."

तिने बंद केलं. झाकण लावलं, चहा घेतला, कपडे आत आणले. मग राहवेना म्हणून पुन्हा उघडलं. घोडा कडेलाच होता. तिने चाल मागे घेतली. घोडा आपल्या घरी गेला. तिने खिडकीकडे पाहिलं, फक्त एकदा. मागे कर्र झालं. घोडा पुन्हा कडेला.

पट्टी जवळजवळ पांढरी झाली होती. ती हरत होती. आणि हरली तर... पैज तिला शब्दन्‌शब्द आठवत होती. जी हरेल तिने राहायला यायचं. ताई आता जिथे होती, तिथे.

"नाही गं ताई," ती पुटपुटली. "माझा संसार आहे..."

मग तिने जे केलं ते भीतीपोटी केलं. ती खुर्चीत बसली आणि इंजिनच्या आधाराने खेळायला लागली. यंत्र म्हणालं, एकच बचाव आहे, हत्ती देऊन तो घोडा मार. तिने मारला. नजर वळवली. कर्र. ताईने हत्ती घेतला. पडद्याकडे टक लावून बसलं की काही होत नसे; पापणी मिटली, मान वळली, की पलीकडची चाल होऊन जायची. धाकटी प्रत्येक वेळी आधी स्वतः शोधायची, मग यंत्राला विचारायची, आणि दर वेळी एकच धागा उरलेला असायचा. तो सुटला की खेळ खलास. बाहेर अंधारून आलं. दिवा लावायला उठायचं तिला धाडस होईना, कारण उठायचं म्हणजे पाठ करायची.

शेवटी तो धागा तिला सापडला. तिच्या वजिराला ताईच्या राजापर्यंत वाट मिळाली. वजिराने शह, राजा एक घर सरकला. पुन्हा शह, राजा परत आला. असंच चालू राहिलं तर त्याला सुटका नव्हती, आणि तिलाही जिंकता येत नव्हतं. पट्टी मधोमध आली. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली की नियमाने बरोबरी. जिकडे आहोत तिकडेच. आणखी एकदा राजा परत आला की झालं. तिने शह दिला आणि डोळे मिटले.

काहीच वाजलं नाही.

तिने डोळे उघडले, मिटले, भिंतीकडे बघितलं. राजा जागचा हलला नाही. ताई विचार करत होती.

तेवढ्यात नवऱ्याने दार उघडून दिवा लावला. "अंधारात काय बसलीस?" त्याने तिचा गार हात हातात घेतला आणि लॅपटॉप मिटून टाकला. जेवताना त्याने तिला दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगितल्या, ती हसलीही. ताईला जाऊन वर्ष होतंय, मन हळवं होतं, असं तो म्हणाला, आणि तिने ते मानलं. माणूस सोयीचं ते मानतोच.

सकाळी लख्ख ऊन होतं. दहा वाजता वर्ग भरला. तिने दुसराच एक डाव उदाहरणाला घेतला होता. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला, मागच्या भिंतीवर उजेड पडला, आणि ती फळ्यावर तारीख लिहायला वळली.

"मॅडम, हे भारी आहे की!" मागून वकीलकाका म्हणाले. वकीलकाका तिचे वयाने सगळ्यात मोठे विद्यार्थी. कोर्टातून निवृत्त झालेले, उत्साही, आणि चाल आधी करून विचार मागून करणारे. "काळ्याची चाल ना?"

ती वळली. भिंतीवर हातभर उंचीचा ताईचा राजा उभा होता. हलला होता. पण परत आपल्या घरी आला नव्हता. त्याला जायला दोन घरं होती, एक सुरक्षित आणि एक मरणाचं. रात्रीत तो दुसऱ्या घरात जाऊन बसला होता. पट्टी खालपासून वरपर्यंत काळी पडली होती.

"पांढऱ्याने घोडचूक केली," कोणीतरी म्हणालं. "आपल्या पायांनी मात होणाऱ्या घरात गेला."

धाकटी बघत राहिली. ही चूक नव्हती. रात्रभर विचार करून कोणी अशी चूक करत नाही, आणि ताई तर नाहीच. आयुष्यात एकदाही मुद्दाम न हरलेली तिची बहीण मुद्दाम हरत होती. काल दुपारपासून आपण भलत्याच बाजूने घाबरत होतो, हे तिला तेव्हा उमगलं. हरणारीने यायचं असतं. ताईला तिला न्यायचंच नव्हतं...

"वजीर इथे, आणि मात!" वकीलकाका म्हणाले.

"नको! काका, थांबा... माऊस ठेवा—"

चाली विद्यार्थ्यांनीच करून बघायच्या, हा तिचाच नियम. माऊस टेबलावर त्यांच्यासमोरच होता. भिंतीवर काळा वजीर सरसरत गेला आणि राजाला खेटून उभा राहिला. डाव संपला. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"का हो मॅडम? चुकलं का काही?" वकीलकाका ओशाळून म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "बरोबर आहे. आपण जिंकलो."

वर्ग तिने कसाबसा पार पाडला. सगळे गेले, खालच्या हॉलमधले खेळही थांबले. ती वायर गुंडाळत होती तेव्हा फोन वाजला. भावजी होते, ताईचे यजमान. ताई गेल्यापासून ते त्या घरात एकटेच राहत. मास्तरकी केलेला, देवधर्म न मानणारा माणूस, कामाशिवाय फोन करत नसे.

"धाकटे, कामात नाहीस ना?"

"नाही, बोला ना भावजी. बरे आहात?"

"मी बरा आहे. तुला हसू येईल, पण सांगतो. तुझी ताई गेली तरी इतके दिवस मला या घरात कधी एकटं वाटलं नाही. तिच्या खोलीत रोज दुपारी काहीतरी खुट्ट व्हायचं. उंदीर असेल म्हणायचो, पण सवय झाली होती त्याची. तिचा तो पटही मी हलवला नाही. आज सकाळपासून घर एकदम रिकामं झालंय गं. म्हणजे... जसं कोणी उठून गेल्यासारखं."

धाकटीने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "सकाळी कधी?"

"दहा-साडेदहा असेल. का?"

ती खिडकीशी गेली. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. ऊन, सायकली, माणसं.

"बरं, फोन केला तो वेगळ्याच कामाला," भावजी म्हणाले. "तुझ्या ताईची ती प्रवासाची निळी बॅग, कपाटावर असायची बघ. ती आणि तिच्या दोन साड्या सापडत नाहीयेत. मागच्या खेपेला तू नेल्या होत्यास का?"