सुटी ठेवलेली तार

बस. हत्यारांची पिशवी तिथे भिंतीशी ठेव आणि पंखा बंद कर, मला गार वाटतंय. दिवा मात्र इतक्यात नको. खिडकीत अजून उजेड आहे.

तू मघाशी दारातून आत येता येता जे म्हणालीस ना, ते मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं, कारण त्याचं उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नाही. उद्या तू शिकायला परदेशी चाललीस. आठवडाभर मी सूर लावते त्या सगळ्या घरी जाऊन, पियानो बघून, निरोप घेऊन आलीस. दमली असशील, पण थोडा वेळ बस. तुझ्या वयाची असताना मीही असाच एक आठवडा काढला होता. फक्त तू निघाली आहेस आणि मी परत यायला निघाले होते.

पियानोचे सूर लावायला शिकायचं म्हणून मी इतक्या लांब जायला निघाले, तेव्हा आमच्या घरी सगळे हसले होते. काका म्हणाले, 'घरात धड शिट्टी वाजवता येणारं कुणी नाही, आणि ही निघाली पियानो लावायला.' पण गेले. मला शिकवणाऱ्या मास्तरांचं खाली पियानोचं दुकान आणि वर घर. आत शिरलं की सरसाचा, लोकरीचा, जुन्या लाकडाचा वास यायचा आणि त्या सगळ्यावर मास्तरांच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास, निलगिरीचा. वर त्यांची बहीण राहायची. तिला मी माझ्या मनानेच आत्या म्हणायला लागले. तिने कधी हरकत घेतली नाही.

मास्तर होते ताडमाड उंच. पियानोपुढचं फिरतं स्टूल पार तळापर्यंत फिरवल्याशिवाय त्यांचे गुडघे आत मावायचे नाहीत. मी ही अशी ठेंगणी. मी बसले की स्टूल वर, ते बसले की खाली. दिवसभर त्याची चक्री चालू असायची. 'आपल्या दोघांच्या आधी हे स्टूलच जाणार बघ,' असं ते म्हणायचे. बोलायला तिखट होते. पियानो बेसूर झालाय अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचं नाचता येईना अंगण वाकडं असतं, हे ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. पण तारा पिळायची किल्ली हातात आली की माणूस बदलायचा. डोळे मिटून, मान कलती करून तारेची खुंटी अशी फिरवायचे, की जणू झोपलेल्या बाळाच्या अंगाखालून हात काढून घेतायत.

एकदा एका घरी त्यांनी काम संपवलं, आणि मी सगळ्या पट्ट्या वाजवून बघत होते. अगदी वरच्या टोकाला, जिथे सहसा कुणाचं बोट जात नाही, तिथली एक पट्टी मला कणसूर लागली. तिच्या तीन तारांपैकी एक केसभर उतरलेली होती. मोठ्या फुशारकीने मी किल्ली लावायला गेले, तर मास्तरांनी हातावर चापट मारली.

'ती माझी आहे. तिला हात लावायचा नाही.'

बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी सांगितलं. प्रत्येक घरात ते एक तार सुटी ठेवत. दुकानातल्या त्यांच्या स्वतःच्या पियानोतसुद्धा एक ठेवलेली होती. 'काम चोख झालं की माणसाची गरज संपली, पोरी. थोडं बाकी राहिलं, की ते घर आपल्याला परत बोलावतं. मला म्हाताऱ्याला बोलावणारं कुणी तरी हवं की नको?' मला तेव्हा हसू आलं. पुढे तुलाही मी तेच शिकवलं, आणि तूही अशीच हसली होतीस.

माझं शिक्षण संपलं. विमानाचं तिकीट आलं. त्याच सुमाराला मास्तरांनी अंथरूण धरलं. छातीत कफ धरला होता आणि जिना उतरवत नव्हता. मी म्हटलं, तिकीट पुढे ढकलते. तर म्हणाले, 'काही नको. त्यापेक्षा या आठवड्यात माझी गावाबाहेरची घरं करून ये. कामही होईल, निरोपही घेऊन होतील. माझ्या तारा मात्र तशाच ठेवायच्या.' त्यांची लाकडी मुठीची जुनी किल्ली उशाखाली होती. ती त्यांनी दिली नाही. मी माझी घेऊन निघाले.

पहिलं गाव शाळेचं. सभागृहात पियानो. काम संपवलं आणि शेवटी मास्तरांची ती तार बघावी म्हणून पट्टी दाबली. सूर चोख. तिन्ही तारा एकजीव. मला वाटलं, हवेने ताणली असेल. पण हवेने तार चढली तर ती जिथे थांबायला हवी नेमकी तिथेच थांबेल का? तेव्हा हा प्रश्न मला पडला नाही. निरोप घेण्याच्या नादात होते. मुलांनी रुमाल हलवले, आणि बसमध्ये बसल्यावर मी एकटीच रडून घेतलं.

दुसरं घर दाताच्या डॉक्टरांचं. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि मला बघून ती गोंधळली.

'अगं, मास्तर आत्ताच येऊन गेले की. तुला वाटेत भेटले नाहीत? आज फार घाईत होते. टोपीसुद्धा काढली नाही.'

मी म्हटलं, 'ते आजारी आहेत. अंथरुणातून उठवत नाही त्यांना.'

'मग बरे झाले असतील,' ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी पियानोपाशी गेले. स्टूल पार तळापर्यंत फिरवलेलं होतं. खोलीत निलगिरीचा वास होता. मी उभ्या उभ्याच वरची पट्टी दाबली. चोख.

तिथूनच दुकानात फोन केला. आत्याने उचलला. म्हणाली, 'इथेच आहे गं तो, कुठे जाणार? सकाळपासून ग्लानीत आहे. फक्त उजवं मनगट हलतं मधून मधून... काही तरी फिरवल्यासारखं.'

मी फोन ठेवला आणि पुढची बस धरली. 

तिसरं ठिकाण म्हणजे म्हाताऱ्या माणसांचा आश्रम. दुपारची वेळ होती, ऊन चांगलं लख्ख होतं. भीती वाटायला अंधार लागतो असं लोक समजतात, पण तसं काही नाही. मी जिना चढत होते आणि वरून तो सूर ऐकू आला. तीच वरच्या टोकाची पट्टी. टण्... मग जरा थांबून पुन्हा, टण्... आणि दर वेळी किंचित वर. कुणी तरी तार चढवत होतं. घाई न करता. मी कठड्याला धरून उभी राहिले.  टण्... टण्... आणि मग तो सूर असा जुळला, इतका गोड जुळला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांशिवाय तसा दुसऱ्या कुणाला जुळत नाही.

वर गेले. खोलीत पियानोपाशी कुणी नव्हतं. स्टूल खाली. तारांमध्ये आवाज दाबायला आपण लोकरीची पट्टी खोवतो ना, ती एक बाहेर लोंबत होती आणि अजून हलत होती. खिडकीशी एक आंधळे आजोबा बसले होते.

'कोण होतं इथे?' मी विचारलं.

'मास्तर.' ते हळूच म्हणाले. 'दर वेळी जाताना भेटूच म्हणतात. आज म्हणाले... सांभाळून राहा.' मग म्हणाले, 'आणि मुली, जाताना त्यांचे पाय वाजले नाहीत.'

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मास्तर एकेक घर मिटवत चालले होते. मागे बाकी काही ठेवायची नाही, कुणी परत बोलवायचं नाही, म्हणून. मी पुढची गावं सोडली आणि मिळेल ती बस धरली. वाटेत एकच गोष्ट मनात होती. दुकानातल्या पियानोची तार उरली असेल, तर मास्तर उरले असतील. ते जायला नको होते मला. घरच्यांपासून इतक्या लांब मला रागावणारं, जेवलीस का विचारणारं तेवढं एकच माणूस होतं.

दुकानात पोचले आणि कोट न काढता पट्टी दाबली. कणसूर! तो बेसूर आवाज मला जेवढा आवडला तेवढं कुठलं गाणंही आवडलेलं नाही. तिथेच खाली बसून मी रडले.

वर गेले तर मास्तर जागे होते. चेहरा एवढासा झालेला. आत्या पायाशी बसली होती. त्यांनी उशाखाली चाचपून किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

'एक राहिलंय, पोरी.'

'राहू दे मास्तर. एक सुटं ठेवायचं, हे तुम्हीच शिकवलंत.'

'ते कुणी बोलवावं म्हणून. आता कुणी बोलवू नये गं मला... फार दमलो.'

मी म्हटलं, 'बाकीच्या घरी तर जाऊन आलात. इथलंही तुम्हीच करा.' रागानेच म्हटलं.

ते हसले. 'तिकडे चालत गेलो. पण या घरात मी आजारी आहे ना. हा जिना काही मला उतरवत नाही.'

मी आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, 'जा बाई. त्याला किती अडवून धरशील?'

खाली आले. दार उघडंच ठेवलं, वर ऐकू जावं म्हणून. किल्ली खुंटीला लावली. पट्टी दाबली, किंचित फिरवलं. वरून आवाज आला, 'अजून.' पुन्हा फिरवलं. 'अजून जरा...'  डोळे मिटले. सूर एकाला एक लागत गेला आणि मग वरून आलं, 'बास.'

बास म्हटलं की हात काढायचा, ही त्यांची शिस्त होती. मला काढवला नाही. मी तशीच किल्ली धरून बसले. मग जिन्याच्या तोंडाशी आत्या आली, आणि तिने काही सांगायची गरज पडली नाही.

दुसऱ्याच दिवशी माझं विमान होतं. त्यांना पोचवायलाही मला थांबता आलं नाही. किल्ली आत्याने माझ्या पिशवीत घातली. तीच ही, जिच्यावर तू शिकलीस आणि जी घेऊन तू आठवडाभर फिरलीस.

आता तू दारात काय म्हणालीस ते बोलू. तू म्हणालीस, 'बाई, तुमची एकही तार उतरलेली सापडली नाही. सगळ्या घरी चोख आहे.' आणि नंतर चप्पल काढता काढता हसत म्हणालीस, 'आपल्या इथल्या शाळेतला शिपाई विचारत होता, माझ्या आधी तुम्ही पाठवलेले ते उंच म्हातारे गृहस्थ कोण? टोपीसुद्धा न काढता काम करून गेले म्हणे.'

मी कुणालाही पाठवलं नव्हतं गं.

अशी बघू नकोस. डॉक्टरांनी मला गेल्या महिन्यात काय सांगितलं, ते तुला बोलले नाही, कारण तुझं तिकीट काढून झालं होतं. आणि मला वाटत होतं, तू शिकून परत येईपर्यंत मी रेटून नेईन. तू माझ्यापेक्षा चांगलं काम करतेस की नाही, ते मला बघायचंय. माझं मागणं तेवढंच आहे. मास्तरांची शेवटची तार मी लावली, आता ते माझ्या लावतायत. उपकाराची फेड करतायत म्हातारे. पण इतकी घाई नको होती करायला.

जा, आतल्या खोलीत जा. माझा पियानो उघड आणि वरच्या टोकाची ती पट्टी दाब. मला इथून ऐकू येईल.

... पुन्हा दाब.

कणसूर आहे! ऐकलंस? आहे अजून. म्हणजे अजून वेळ आहे. ये बाहेर, रडतेस काय वेडे. उद्या बिनघोर जा आणि शिकून ये. ती किल्लीही घेऊन जा, लांब असलेली बरी. दिवा लाव आता. आणि ते बघ, तू पट्टी दाबलीस ती उभ्यानेच ना? बसून? मग इतका वेळ का लागला तुला?

काय म्हणालीस?

स्टूल वर फिरवावं लागलं? मी ठेंगणी, माझं स्टूल तर कायम वरच असतं.

दार लोटून घे ते आतलं. नाही... राहू दे, उघडंच राहू दे. आणि किल्ली आज नेऊ नकोस. इथे टेबलावर ठेव, आणि उद्या निघण्याआधी एकदा येऊन जा. लवकर ये. मी हाक मारेन तेव्हा त्या तारेला किल्ली लावून आत पियानोपाशीच राहा, आणि मी बास म्हटलं, की हात काढ.