दावणीतली मोकळी जागा

हे माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. थाप वाटत असेल तर इथेच थांबा, माझं काही अडलेलं नाही.

रात्र नव्हती. रविवार होता, दुपारचे तीन, लख्ख ऊन. जागा म्हणजे सरकारी जंगलातला तंबू ठोकायचा सात नंबरचा तुकडा.

मावसभावाला आम्ही घरात 'सर्वज्ञ' म्हणतो. नकाशे काढायच्या कचेरीत नोकरी, आणि जगात अक्कल काय ती आपल्यालाच, असा पक्का समज. सुट्टीत घोड्यावरून जंगलात जायचं, तंबूत राहायचं, अशी भुणभुण त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीनं वर्षभर लावली होती. यानं बेत आखला. कोण कुठल्या घोड्यावर, कुठल्या वळणावर थांबायचं, सगळा तक्ताच. पोरीसाठी पागेतली सगळ्यात गरीब घोडी ठरवली.

परवाना घ्यायला तो वनखात्याच्या कचेरीत गेला. तिथल्या बाई शिक्का मारता मारता म्हणाल्या, "सात नंबरला घोडे बांधाल तेव्हा दावणीत मधली एक जागा मोकळी सोडा."

"का?"

"सोडतात सगळे."

"नियमात कुठे लिहिलंय ते दाखवा."

बाईंनी परवाना सरकवला आणि पुढच्या माणसाला हाक मारली. घरी येऊन यानं त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवलं. "सरकारी पगार आणि भुताटकीचे सल्ले," म्हणे.

मग त्या रविवारी तो घोडेवाल्याबरोबर जागा बघायला गेला. याच्या खाली पोरीसाठी ठरवलेलीच घोडी. तिचीही परीक्षा घ्यायची होती ना!

पोचल्यावर घोडेवाल्यानं दोन झाडांना दोर ताणला. आपला घोडा एका टोकाला बांधला, घोडी दुसऱ्या टोकाला. मधली जागा सोडली.

सर्वज्ञानं घोडी सोडली आणि मुद्दाम मधोमध नेऊन बांधली.

"साहेब, तिथे नको."

"का? तुझे आजोबा उभे आहेत तिथे?"

घोडेवाला दावणीपासून लांब जाऊन बसला.

हा पावलं मोजत तंबूंच्या जागा आखायला लागला. आणि मग...

पाखरं गप्प झाली.

वारा होता, पानं हलत होती... पण सळसळ ऐकू येत नव्हती.

मागून आवाज आला... कर्र... खोगिराच्या चामड्याचा. कुणी वर चढून बसलं की येतो ना, तोच.

त्यानं वळून बघितलं.

खोगीर रिकामं होतं. घोडीनं मात्र पाय फाकवले होते... अंगावर ओझं आल्यावर उभी राहते तशी.

"ऊन लागलंय तिला," तो म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

निघताना त्यानं रिकिबीत पाय घातला, तर घोडी गुडघे टेकायला लागली. झक मारत लगाम धरून पायी निघाला. ओढ्याजवळच्या ओल्या मातीत त्याचं लक्ष मागे गेलं. येताना याला पाठीवर घेऊन तिचे खूर जेवढे रुतले होते...

तेवढेच आताही रुतत होते.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? बेत मोडला असता. निदान घोडी तरी बदलली असती. पण बायकोला कारण काय सांगणार? ज्या बाईंची नक्कल केली, त्यांचंच खरं होतं म्हणून? जीभच वळेना. पोरीच्या काळजीनं आठवडाभर डोळ्याला डोळा लागला नाही, हे त्यानं मला नंतर रडत सांगितलं. तेव्हा मात्र तोंड मिटून बसला. मला त्याची चीड अजून येते.

पुढच्या रविवारी पोरगी पागेत सरावासाठी त्याच घोडीवर चढली. घोडी नीट उभी राहिली. याचा जीव भांड्यात पडला.

मग पोरगी खोगिरावर पुढे सरकली... अगदी कडेपर्यंत.

"मागे सरकून नीट बस," तो म्हणाला.

"कशी सरकू, बाबा? मागे जागाच नाहीये."

त्यानं तिला ओढूनच खाली घेतलं. घोडीनं सगळं अंग झाडलं आणि हलक्या पावलांनी गवताकडे गेली. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच ती अशी मोकळी चालली, असं घोडेवाला म्हणाला.

बेत रद्द झाला. याला आता दोन वर्षं झाली.

परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. पोरगी अभ्यासाला बसली होती... खुर्चीच्या पुढच्या कडेवर, अवघडून.

मी म्हटलं, "अगं, जरा टेकून बस की."

तिनं वहीतून मान वर केली नाही. "काका, बाबांना मोठी खुर्ची आणायला सांगा ना. ही पुरत नाही."

सर्वज्ञ दारातच उभा होता. एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणारा माणूस, मान फिरवून आत निघून गेला. मी चहा न घेताच निघालो.

खुर्ची त्यानं अजून आणलेली नाही.