पाठीमागचं पाणी

चित्रातला माणूस ज्या बाजूला बघतो, त्या बाजूला जागा जास्त सोडायची, हा फ्रेमवालीचा नियम. सगळा बाजार तिला फ्रेमवालीच म्हणायचा. चित्राभोवती बसवायच्या पांढऱ्या पुठ्ठ्याची खिडकी ती नेहमी याच हिशेबाने कापायची.

रद्दीवाल्याकडच्या एका फाटक्या पुस्तकातून मिळालेली चार चित्रंही तिने तशीच बसवली. वल्हवायचं कसं, हे शिकवणारी जुनी छापील चित्रं: वल्ह्यावरची मूठ, वाकलेली पाठ, पाण्यात शिरणारं पातं, आणि चौथ्यात दोन्ही हातांत वल्ही घेतलेला मिशीवाला, त्याची अरुंद नाव आणि भोवती पाणी. हॉटेलवाले असली चित्रं हातोहात नेतात. ज्यांनी जन्मात वल्ह्याला हात लावला नाही त्यांच्याच भिंतीवर वल्ही फार, असं ती म्हणायची.

ही मात्र तिने घरी नेली, अप्पांसाठी. तिच्या वडिलांनी नदीवरच्या क्लबात निम्म्या गावाला वल्हवायला शिकवलं होतं. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टरांनी हात टेकले होते, तिने नव्हते. या घरात आपल्याला हाक मारणारं एक माणूस उरावं, एवढंच तिचं मागणं होतं.

पलंगासमोर चित्रं टांगली आणि अप्पा चिडले. चौथ्याकडे बघून घशातून आवाज काढत, डाव्या हाताने हवा ढकलत राहिले.

"आवडलं नाही वाटतं," अप्पांना दिवसभर सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. वल्हवणारा पाठमोरा जातो. त्याला दिसतं ते मागे पडलेलं पाणी, पोचायचं असतं ते पाठीमागे. तिने नियमाप्रमाणे त्याच्या तोंडासमोर पाणी ठेवलं होतं आणि नावेचं टोक पुठ्ठ्याला टेकवलं होतं.

"बापाची लेक आणि एवढं कळू नये," असं स्वतःलाच म्हणत तिने नवा पुठ्ठा कापला. मिशीवाल्याच्या पाठीमागे भरपूर पाणी सोडलं. अप्पा शांत झाले.

आठवड्याभरात तिला नाव सरकल्यासारखी वाटली. ओलीने कागद फुगतो, हलतो, हे तिला ठाऊक होतं. तिने फ्रेम उघडली. मागची पट्टी तिनेच चिकटवली होती तशी घट्ट होती, कागद पेन्सिलीच्या खुणेवर होता. सरकली होती ती फक्त नाव. नावेने मागे टाकलेल्या पाण्यावर वल्ह्यांनी उठवलेली वर्तुळं होती, जोडीजोडीने. शाई तीच, जुनी, तपकिरी पडलेली.

भीती वाटायला हवी होती. पण झोपलेल्या बाळाचं पांघरूण सारखं करावं तशी हलक्या हाताने तिने फ्रेम बंद केली.

"ताई, यांचे हात बघा जरा," दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाल्या. "मी काही घासलं नाही हो."

अप्पांच्या दोन्ही तळव्यांवर फोड आले होते. निर्जीव उजव्यावरही.

वर्तुळं वाढत गेली. फोडांचे घट्टे झाले, खांदे भरले. एका सकाळी मागून हाक आली, "पोरी." ती मोरीत जाऊन, नळ सोडून, पोटभर रडली. इतका आनंद तिला सोसवत नव्हता.

पण नावेचं टोक आता पुठ्ठ्याला भिडलं होतं.

"जागा दे," अप्पा म्हणाले.

"कुठे जायचंय तुम्हाला?"

"वल्हवणाऱ्याला दिसत नसतं ते."

"मग थांबा ना इथेच."

"थांबली की डुलते गं नाव."

तिने कटर ड्रॉवरमध्ये टाकला आणि कानांवर हात ठेवले. नाव जागच्या जागी राहिली. अप्पांचे घट्टे सुकले, सालं निघाली. शब्द गेले. शेवटी "पोरी" हाही गेला. ते तिच्याकडे बघायचे, रागाने नव्हे, आणि तेच तिला बघवेना.

एका दुपारी तिने चित्र उतरवलं आणि पुठ्ठाच काढून टाकला. त्याखाली आधी कोरा कागद होता, फ्रेम उघडली तेव्हा तिने स्वतः पाहिला होता. आता तिथे पाणी होतं, कागदाच्या कडेपर्यंत.

तिने चित्र परत टांगलं आणि अप्पांचा हात धरून बसली.

पलंगावर ऊन आलं होतं. हातातल्या हाताला लय आली. ओढ, सैल. ओढ, सैल.

मग अप्पांनी मान वळवली. उजव्या खांद्यावरून, उशीमागच्या भिंतीकडे.

तिला लहानपणीचा त्यांचा धडा आठवला. काठ जवळ आल्याशिवाय वल्हवणाऱ्याने मागे वळून बघायचं नाही.

त्यांचा चेहरा उजळला. तिने इतकं लख्ख काही कधी पाहिलं नव्हतं.

हात सैल झाला, तो पुन्हा ओढला गेला नाही.

मावशींनी त्यांचे हात पुसले; तळव्यांवर ताजे फोड होते. "हे हात आजारी माणसाचे नाहीत हो, ताई," त्या हळूच म्हणाल्या.

ती चित्राजवळ गेली. नाव नव्हती, मिशीवालाही नव्हता. नुसतं पाणी, आणि कडेपर्यंत गेलेल्या वर्तुळांच्या जोड्या.

तिने काचेला कपाळ टेकलं.

कडेजवळची शेवटची जोडी अजून पसरत होती.