कोऱ्या बोटांचा करार

साताऱ्याहून तासगावला निघालेल्या एसटीत समीक्षाच्या शेजारच्या सीटवर एक निळा थर्मासचा डबा बसला होता, आणि डब्याचा मालक उभा होता.

“डबा मांडीवर घ्या नि बसा की,” ती म्हणाली.

“मांडीच्या उबेनं लस खराब होते… शेळ्यांची आहे.”

“मग पायाशी ठेवा.”

“हे सुचलंच नाही बघा!” तो हसला, आणि समीक्षाला उगीचच खिडकीबाहेर बघावंसं वाटलं.

तो वीरधवल. शेळ्यामेंढ्यांचा डॉक्टर, नोकरी दहिवडीला. तिच्या हातातली मतदार चिठ्ठी त्यानं तिरक्या नजरेनं वाचली आणि ताडकन सरळ झाला. दोघांचं गाव एकच निघालं, तासगावच्या पुढचं! तो लहानपणापासून सांगलीच्या वसतिगृहात वाढलेला, ती साताऱ्यात शिकलेली आणि आता तिथंच कॉलेजात शिकवणारी. गावात कधी गाठ पडलीच नव्हती.

“सरपंचाला उभे असलेले जयराज माझे सख्खे काका,” ती म्हणाली.

“अन् त्यांच्याविरुद्ध उभी असलेली लीलाबाई माझी काकू.”

समीक्षानं चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकली.

“काय शिकवता?” त्यानं विचारलं.

“अर्थशास्त्र. सध्या वर्गात तेच चाललंय… माणूस मत द्यायला जातोच का? एका मतानं निकाल फिरायची शक्यता जवळजवळ नाहीच. रजा, ऊन, तिकीट हा खर्च मात्र खरा. हिशेबी माणसानं घरी पडून राहावं.”

“तुम्हाला अर्धं तिकीट, मला पूर्ण. तरी मताची किंमत सारखीच! हा अन्याय शिकवता का?”

ती खळखळून हसली. तेवढ्यात विट्याच्या अलीकडं गाडीच्या तोंडातून वाफ निघाली आणि ती रस्त्याकडेला थांबली.

रसवंतीच्या ताडपत्रीखाली दोघं बसले. ग्लास हातात फिरवत वीरधवल म्हणाला, “एक सांगू? तुमचं मत काकांना, माझं काकूला. वजाबाकी शून्य. दोन एडके डोक्याला डोकं लावून ढकलतात, तेव्हा दोघंही जागच्या जागीच राहतात. मग आपण दोघांनीही… नाहीच गेलं तर?”

समीक्षा त्याच्याकडं बघतच राहिली. हेच सांगायला वर्गात तिला आख्खा तास लागायचा.

“आणि तुम्ही गुपचूप जाऊन आलात तर?”

“बोट आहे की! मतमोजणीला तासगावात भेटू. शाई नसलेलं बोट दाखवायचं.”

“करार?”

“करार.”

हातात हात दिला, तो सोडायचा कुणी हे मात्र ठरलं नव्हतं…

मग गप्पा रंगल्या. त्याची आई लवकर गेली. काकूनं रोज सांगलीच्या एसटीत कंडक्टरच्या हाती त्याचा जेवणाचा डबा पाठवला होता. आणि बारावीनंतर घरादारानं समीक्षाचं लग्न काढलं, तेव्हा जयराजकाका तिला मोटारसायकलवर घालून थेट साताऱ्याच्या कॉलेजात घेऊन गेले होते. मधे एक गाडी आली, गेली. दोघांपैकी कुणीही हात केला नाही.

तासगावात उतरले तेव्हा उन्हं कलली होती, मतदान संपायला तासभरच उरला होता. लस फ्रिजमध्ये ठेवायला तो मेडिकलवाल्या मित्राकडं गेला. ती तिथल्याच मावशीकडं निघाली… आणि चौकातच थबकली. काकूचे ते डबे तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. हा माणूस शब्द पाळून इथं बसणार. काकू थोडक्यात पडली, तर जन्मभर त्याला वाटत राहील की एका पोरीशी गप्पा मारत बसलो आणि काकूला मत दिलं नाही. मग मावशीकडं न जाता समीक्षा गावाच्या वडापच्या जीपमध्ये बसली.

केंद्रात शिरली. काकूची निशाणी शिवणयंत्र. काकांची मनातल्या मनात माफी मागितली आणि बटन दाबलं. बोटावरची शाई फुंकत बाहेर येते, तर पुरुषांच्या रांगेत पुढं, तोंडाला रुमाल बांधून…

“तुम्ही!”

रुमाल खाली आला. “तुम्ही पण!”

“शब्द मोडलात!”

“अन् तुमच्या बोटाला काय, काजळ लागलंय?”

“ओ, लाइनीत भांडायचं न्हाई!” पोलीस ओरडला.

दारात काकांची माणसं उभी. खरं सांगायची सोय नव्हती. ती फणकाऱ्यानं निघून गेली, आणि दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

मतमोजणीला तहसील कचेरीबाहेर एकच गर्दी. निकाल लागला आणि सगळे गार पडले. तिसरी उमेदवार, बेदाण्याच्या शेडवर काम करणारी चंद्राबाई, जिच्या बॅनरवर मुलाच्या लग्नातला फोटो होता, ती दणदणीत निवडून आली होती. गुलाल उधळत मिरवणूक निघाली. लिंबाखालच्या बाकड्यावर जयराजकाका आणि लीलाकाकू, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, शेजारी शेजारी बसून एकमेकांना चहा सरकवत होते.

वीरधवल त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला. समीक्षा काकांच्या मागं होती.

“काका,” तो म्हणाला, “म्या मत तुमाला टाकलं.”

काकू कप तोंडाला लावता लावता थांबली. “मेल्या! डबे मी पाठीवलं, अन् मत यांना?”

“ही माझ्यामुळं मत देणार न्हाई, असं ठरलं हुतं. हिच्या काकांचं एक मत कमी पडाय नको, म्हणून गेलो.”

“पण मी शब्द मोडलेला तुम्ही तिथं डोळ्यांनी बघितलात की!” समीक्षा पुढं आली. “तरी काकांनाच?”

“रागानं काकूचंच बटन दाबणार हुतो… हात तिकडं गेलाच न्हाई.”

समीक्षाचा चेहरा तापला. तिनं चहाचा कप धरून बसलेल्या लीलाबाईंकडं पाहिलं. “काकू… मी तुम्हाला दिलं. यांनी नंतर वाईट वाटून घेऊ नये म्हणून.”

जयराजकाकांनी मान वळवून पुतणीकडं बघितलं. “आगं, म्हंजे घरच्याच मतानं पडलो की मी!”

“एका मतानं काय हुतंय, काका.”

“एका मतानं लय काय काय हुतंय, दिसतंय मला!” काका कपाळाला हात लावून हसायला लागले.

“समीक्षा,” वीरधवलनं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली. “मला तू… म्हणजे तुम्ही… लय आवडता.”

“मलाही,” ती म्हणाली. आणि मिरवणुकीच्या हलगीत ते कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून तिला पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं.

लीलाकाकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

“जयराजराव, सरका जरा तिकडं… पोरीला बसू द्या माझ्याजवळ.”